सही केली होती, तरी कोर्टाचं दार उघडं आहे

वाचकाचं पत्र

मी मूळची साताऱ्याची. ९ वर्षं अमेरिकेत आहे, सध्या व्हर्जिनियात आर्लिंग्टनला राहते. ग्रीन कार्ड आहे, वय ३६. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एका मोठ्या कामावर उपकंत्राटदार असलेल्या कंपनीत डेटा अ‍ॅनालिस्ट आहे. गेल्या १४ ऑक्टोबरला कामासाठी रिचमंडला मुक्काम होता. मुख्य कंत्राटदार कंपनीच्या प्रोजेक्ट लीडने रात्री हॉटेलच्या लिफ्टबाहेर मला भिंतीशी दाबून धरलं आणि नको तिथे हात घातला. दोन दिवसांनी मी आमच्या एचआरला लेखी कळवलं. त्यांनी चौकशी केली, ‘काही सिद्ध होत नाही’ म्हणाले, आणि जानेवारीत मलाच त्या प्रोजेक्टवरून काढून बेंचवर, म्हणजे काम न देता, बसवलं. आता दोन महिन्यांचा पगार घेऊन नोकरी सोडण्याचा करार पाठवलाय, दहा दिवसांत सही मागतात. सोबतच्या पत्रात लिहिलंय की रुजू होताना तुम्ही सगळे वाद लवादाकडे नेण्याच्या करारावर डॉक्युसाइनने सही केली आहे, त्यामुळे कोर्टात जाता येणार नाही, आणि काम सरकारी असल्यामुळे बाहेर बोलताही येणार नाही. हे खरं आहे का? तक्रार केली तर ग्रीन कार्डला धोका आहे का? हे सगळं फक्त माझ्या पुण्यातल्या बहिणीला माहीत आहे.

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं आधी सांगतो, कारणं मागाहून. लवादाच्या, म्हणजे कोर्टाऐवजी खासगी पंचाने निकाल द्यायच्या, त्या करारामुळे तुमचा कोर्टाचा रस्ता बंद होत नाही. ‘सरकारी काम आहे म्हणून बोलायचं नाही’ हे या बाबतीत खरं नाही. ग्रीन कार्डला या तक्रारीने काहीही होत नाही. तुमचं नुकसान होऊ शकतं ते दोनच गोष्टींनी: समोर ठेवलेल्या नव्या करारावर घाईने केलेली सही, आणि हातून निसटलेली १० ऑगस्ट ही सरकारी आयोगाकडे तक्रार करायची शेवटची तारीख. म्हणून या आठवड्यात कशावरही सही करू नका. डॉक्युसाइनवर आलेलं ‘सुधारित हँडबुक’ असो, ‘वार्षिक पोचपावती’ असो, कशावरही नाही.

सही न करण्यावर एवढा भर का, ते कायद्यातच आहे. ३ मार्च २०२२ रोजी अमेरिकेत एक कायदा लागू झाला. लैंगिक अत्याचार किंवा लैंगिक छळाच्या प्रकरणात, वाद उद्भवण्याआधी केलेला लवादाचा करार पीडित व्यक्तीची इच्छा नसेल तर तिच्यावर लादता येणार नाही, असं तो सांगतो. निवड तिची. तिला लवाद हवा असेल तर तो घ्यावा, कोर्ट हवं असेल तर कोर्ट. ‘इतरांबरोबर एकत्र दावा लावणार नाही’ असं आधी लिहून घेतलेलं कलमही अशा प्रकरणात चालत नाही. आणि हा कायदा लागू होतो की नाही हे लवाद नाही, न्यायाधीश ठरवतात. पुष्कळ करारांत ‘कराराच्या व्याप्तीचा प्रश्नही लवादच सोडवील’ असं एक वाक्य घुसडलेलं असतं. या कायद्यापुढे त्या वाक्याचा उपयोग होत नाही.

पण कायद्यातला कळीचा शब्द आहे ‘वाद उद्भवण्याआधी’. तुमची रुजू होतानाची सही आधीची आहे, म्हणून ती तुम्हाला बांधत नाही. आज, घटना घडून गेल्यावर आणि तक्रार दिल्यावर, तुम्ही ‘उरलेले वाद लवादाकडे नेऊ’ असं लिहिलेल्या कागदावर सही केलीत तर तो ‘नंतरचा’ करार ठरू शकतो, आणि नंतरच्या कराराला या कायद्याचं संरक्षण नाही. कंपनीने पाठवलेल्या कराराची शेवटची दोन-तीन पानं काढून पाहा. ‘वाद निवारण’ अशा मथळ्याखाली असं कलम बहुतेक सापडेलच.

कायदा लागू होण्यासाठी वाद किंवा दावा ३ मार्च २०२२ नंतर उद्भवलेला असावा लागतो. तुमची घटना गेल्या ऑक्टोबरची आहे, तेव्हा ती अडचण नाही. ज्यांचा छळ त्या तारखेच्या आधी सुरू होऊन पुढेही चालू राहिला, त्यांनी प्रत्येक प्रसंगाची तारीख वेगळी लिहून ठेवावी. त्यांच्या बाबतीत सगळा खटला तारखांवर तोलला जातो.

लवादाची ही कलमं इतकी वर्षं टिकली कशी, हे कळलं तर पुढचं समजायला सोपं जाईल. लवादाचा संघीय कायदा १९२५ चा आहे, मुळात व्यापाऱ्यांच्या आपसातल्या भांडणांसाठी केलेला. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बहुतेक सगळ्या नोकरीच्या करारांनाही लागू धरला, आणि कंपन्यांनी नियुक्तिपत्रासोबत हे कलम जोडायला सुरुवात केली. लवादात ज्युरी नसते, सुनावणी बंद दाराआड होते, समोरच्याकडची कागदपत्रं मागायला वाव कमी असतो आणि निकाल चुकला तरी अपील जवळपास नसतंच. यातलं गुपित राहणं एखाद्या बाईला हवंसंही वाटू शकतं, ते तिचं तिने ठरवावं. तिच्या वतीने कंपनीने ठरवू नये, एवढंच.

सरकारी कंत्राटांच्या बाबतीत हा प्रश्न ऐरणीवर आला तो जेमी ली जोन्स यांच्या प्रकरणाने. २००५ मध्ये बगदादला केबीआर या कंत्राटदार कंपनीत काम करताना सहकाऱ्यांनी आपल्यावर बलात्कार केला असा त्यांचा आरोप होता. केबीआर तेव्हा हॅलिबर्टनचा भाग होती. कंपनीने लवादाचं कलम पुढे केलं. ‘लवादाकडे जायचं की कोर्टात’ एवढ्याच मुद्द्यावर काही वर्षं गेली, आणि सप्टेंबर २००९ मध्ये संघीय अपील न्यायालयाने चार दावे लवादाबाहेर काढले: मारहाण, त्यातून जाणूनबुजून दिलेला मानसिक त्रास, निष्काळजीपणे केलेली नेमणूक व देखरेख, आणि डांबून ठेवणं. पुढे जुलै २०११ मध्ये ह्यूस्टनच्या ज्युरीने निकाल त्यांच्या विरोधात दिला. हे मुद्दाम सांगतो, कारण कोर्टाचं दार उघडणं आणि खटला जिंकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दार कायदा उघडतो, पुढचं सगळं पुराव्यावर आहे.

त्याच प्रकरणाच्या रेट्यात ऑक्टोबर २००९ मध्ये सिनेटर अल फ्रँकन यांची दुरुस्ती सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३० मतांनी मंजूर झाली आणि २०१० च्या संरक्षण खर्चाच्या कायद्यात गेली. तुमचं काम संरक्षण खात्याचं असल्याने ती तुम्हालाही उपयोगी पडू शकते. १० लाख डॉलरच्या वरच्या कंत्राटात कंपनीला असं कबूल करावं लागतं की लैंगिक अत्याचार किंवा छळाशी संबंधित दावे, आणि नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाखालचे भेदभावाचे दावे, लवादाकडे नेण्याची सक्ती ती नोकरीची अट म्हणून करणार नाही, आणि जुना तसा करार असेल तर तो अमलात आणायला जाणार नाही. मुख्य कंत्राटदाराने आपल्या १० लाखांवरच्या उपकंत्राटदारांकडूनही तशीच कबुली घ्यायची असते. या कलमाचा क्रमांक २५२.२२२-७००६ आहे. तुमच्या वकिलाला हा क्रमांक सांगा. कंत्राटाची रक्कम आणि कंपन्यांची नावं ‘यूएसए-स्पेंडिंग’ या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात.

मात्र सगळी भिस्त या कलमावर ठेवू नका. ते सरकार आणि कंपनी यांच्यातल्या कंत्राटाची अट आहे. बाजारात सर्रास मिळणाऱ्या वस्तू-सेवांच्या कंत्राटांना ते लागू नाही, आणि संरक्षण मंत्र्यांना विशेष कारणासाठी सूट देता येते. तुमची मुख्य ढाल २०२२ चा कायदा. तो सगळ्या कंपन्यांना लागू आहे, कंत्राट सरकारी असो नसो आणि कितीही रकमेचं असो. फ्रँकन कलमाचा उपयोग असा, की ‘कंत्राटात तुम्ही सरकारला जे लिहून दिलंय त्याच्या उलट पत्र माझ्या अशिलाला पाठवलंय’ हे वकिलाने एकदा लेखी विचारलं की कंपनीच्या कंत्राट विभागाचं या प्रकरणाकडे लक्ष जातं. एचआरपेक्षा तो विभाग अशा बाबतीत जास्त सावध असतो.

नेटवर जुनं वाचताना जपा. ओबामा यांच्या २०१४ च्या आदेशाने हाच नियम सगळ्या खात्यांच्या मोठ्या कंत्राटांना लावायचं ठरलं होतं, तो मार्च २०१७ मध्ये रद्द झाला. सरकारी कंत्राटदारांना भेदभावबंदी घालणारा १९६५ चा आदेश क्रमांक ११२४६ जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतला गेला. या दोन्हींच्या आधारे लिहिलेला सल्ला आज पाळू नका.

आता तारखा. भेदभाव आणि छळाच्या दाव्यासाठी थेट कोर्टात जाता येत नाही, आधी समान रोजगार संधी आयोगाकडे, म्हणजे तिथे सगळे ‘ईईओसी’ म्हणतात त्या आयोगाकडे, आरोपपत्र दाखल करावं लागतं. मूळ मुदत १८० दिवसांची. राज्याची स्वतःची यंत्रणा असेल तर ३०० दिवस, आणि व्हर्जिनियात ३०० आहेत. १४ ऑक्टोबरपासून मोजले तर १८० वा दिवस १२ एप्रिलला येतो आणि ३०० वा १० ऑगस्टला. वेळ आहे असं वाटेल, पण आमचं सांगणं आहे की १२ एप्रिल हीच आपली मुदत समजा. त्या आत अर्ज पडला तर कोणती मुदत लागू हा वादच उरत नाही.

इथे पुष्कळजणी एका जागी फसतात. ईईओसीच्या पोर्टलवर माहिती भरली की ‘तक्रार झाली’ असं वाटतं. ती नुसती चौकशी असते. त्यानंतर मुलाखतीची वेळ मिळते, ती कधी कधी बऱ्याच आठवड्यांनंतरची असते, मग आरोपपत्राचा मसुदा तयार होतो, आणि त्यावर तुमची सही झाली की ती तक्रार. मुलाखतीची वाट पाहता पाहता मुदत उलटलेली प्रकरणं कमी नाहीत. मुलाखत लांबची मिळाली तर थांबू नका, वकिलामार्फत सही केलेलं आरोपपत्र थेट दाखल करा. त्या कागदावर छळ आणि सूडाची कारवाई, दोन्हींचा उल्लेख हवा. जानेवारीत तुम्हाला बेंचवर बसवणं हा स्वतंत्र मुद्दा आहे आणि त्याचे ३०० दिवस जानेवारीपासून वेगळे मोजले जातात. अनुभव असा की छळ सिद्ध करण्यापेक्षा तक्रारीनंतरची सूडाची कारवाई सिद्ध करणं पुष्कळदा सोपं जातं, कारण तिथे तारखा, ईमेल आणि बदलीचे हुकूम कागदावर असतात.

आणखी एक चूक याहून महाग पडते: आरोपपत्रात एकाच कंपनीचं नाव घालणं. तुमचा पगार उपकंत्राटदार देतो, पण त्रास देणारा माणूस मुख्य कंत्राटदाराचा. दोन्ही कंपन्यांची नावं घाला. व्हर्जिनिया ज्या चौथ्या संघीय अपील न्यायालयाच्या कक्षेत येतं, त्या न्यायालयाने २०१५ मध्ये बटलर विरुद्ध ड्राइव्ह या निकालात ‘संयुक्त मालक’ कोण हे ठरवण्याची कसोटी दिली. त्यात एका एजन्सीने कारखान्यात पाठवलेल्या बाईला कारखान्याच्या सुपरवायझरने छळलं होतं, आणि न्यायालयाने एजन्सीबरोबर कारखान्यालाही मालक मानलं. तुमचं काम कोण वाटून देत होतं, वेळापत्रक कोण ठरवायचं, रजा कोणाला विचारायची, प्रोजेक्टवरून काढण्याचा निरोप मुळात कोणत्या कंपनीकडून आला, हे सगळं दोन पानांत लिहून काढा. प्रोजेक्ट लीडच्या हातात तुम्हाला काढण्या-ठेवण्याचे अधिकार होते का, यावर कंपनीची जबाबदारी किती हे बरंचसं ठरतं. अधिकार नसतील तर ‘कंपनीला माहीत होतं किंवा व्हायला हवं होतं, तरी काही केलं नाही’ हे दाखवावं लागतं. म्हणून तुमची दुसऱ्याच दिवशीची नव्हे तरी दोन दिवसांतली लेखी तक्रार सोन्याच्या मोलाची आहे. ती जपून ठेवा.

आयोगाकडून दावा लावण्याचं परवानगीपत्र मिळालं की ९० दिवसांत कोर्टात जावं लागतं. नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाखाली मानसिक त्रास आणि दंडात्मक भरपाई मिळून जास्तीत जास्त किती रक्कम मिळेल याला मर्यादा आहे: १५ ते १०० कर्मचारी असतील तर ५०,००० डॉलर, ५०० च्या वर असतील तर ३,००,००० डॉलर. बुडालेला पगार त्यात धरत नाहीत. म्हणून वकील त्याच फिर्यादीत राज्याच्या कायद्याखालचे दावेही घालतात, मारहाणीचा आणि निष्काळजीपणे केलेल्या नेमणुकीचा. त्यांना ही मर्यादा लागत नाही आणि ईईओसीची पायरीही लागत नाही. व्हर्जिनियात शारीरिक इजेच्या दाव्याची सर्वसाधारण मुदत २ वर्षं आहे, तीच धरून चाला.

दावा पडला की कंपनी पहिला अर्ज बहुधा ‘हे लवादाकडे पाठवा’ असाच करील. त्याला उत्तर फिर्यादीतच असायला हवं: घटनेची तारीख, जागा, काय केलं, कोणत्या शब्दांत तक्रार केली, हे मोघम न ठेवता स्पष्ट. छळाचा दावाच पहिल्या टप्प्यावर टिकला नाही तर २०२२ च्या कायद्याचा आधारही जाऊ शकतो आणि उरलेलं प्रकरण लवादाकडे ढकललं जाऊ शकतं. छळाबरोबर पगारातल्या भेदभावाचा किंवा तसा दुसरा मुद्दा असेल तर पूर्ण प्रकरण कोर्टात राहतं की त्याचे तुकडे होतात, यावर सगळी न्यायालयं एका सुरात बोलत नाहीत. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने २०२३ मध्ये पूर्ण प्रकरण लवादाबाहेर राहील असं म्हटलं. तुमच्या वकिलाला हे विचाराच.

कंपनीने लवादाची नोटीस पाठवली तर तिला ‘ठीक आहे, सहभागी होते’ असं उत्तर देऊ नका, तो तुमचा होकार धरला जाईल. ईईओसीकडून ‘मध्यस्थी’चं निमंत्रण आलं तर मात्र घाबरू नका. मध्यस्थी वेगळी. तिथे मध्यस्थ निकाल देत नाही, दोघांना बोलतं करतो, पटलं नाही तर तुम्ही उठून येऊ शकता. लवादाचा निर्णय बांधून टाकतो. दोन शब्दांची गफलत झाल्याने काहीजणी चांगली संधी सोडतात.

आपल्याकडे २०१३ च्या कायद्याने कार्यालयात तक्रार समिती असते, तिला बाहेरचा एक सदस्य लागतो, मुदती लागतात. तुमच्या मनात एचआरची चौकशी म्हणजे तसंच काही असेल तर ते काढून टाका. अमेरिकेत अशी कायद्याने घालून दिलेली समिती नाही. एचआरने केलेली चौकशी ही कंपनीने स्वतःसाठी केलेली चौकशी आहे. ‘सिद्ध होत नाही’ हे तिचं मत कोर्टाला बांधत नाही.

पुराव्याबद्दल नीट ऐका, कारण सरकारी कंत्राटावर काम करणाऱ्या बायकांचं इथे दुहेरी नुकसान होतं. घाबरून, सगळं हातचं जाईल म्हणून, ऑफिसच्या मेलबॉक्समधले शेकडो मेल स्वतःच्या जीमेलवर पाठवले जातात. त्यात सरकारी माहिती असली तर कंपनीला तुम्हाला काढायला आयतं निमित्त मिळतं. शिवाय ‘हे आधी कळलं असतं तर तेव्हाच काढलं असतं’ असं दाखवून कंपनी भरपाई कमी करून घेऊ शकते, सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ते मान्य केलंय. तेव्हा सरकारी यंत्रणेतलं काहीही बाहेर नेऊ नका. त्याऐवजी कोणता मेल, कोणाचा, कोणत्या तारखेचा, विषय काय, याची यादी घरच्या वहीत करा. वकील कंपनीला पुरावा जपून ठेवण्याची लेखी नोटीस पाठवेल, मग ते मेल पुसणं कंपनीला भारी पडतं. तशीच नोटीस हॉटेललाही आजच जायला हवी. लिफ्टबाहेरचं सीसीटीव्ही चित्रण अनेक ठिकाणी थोड्याच दिवसांत पुसलं जातं, पण एचआरने चौकशीत त्याची प्रत घेतली असेल तर ती त्यांच्याकडे असायला हवी. ती नोटिशीत नाव घेऊन मागा.

स्वतःचं जे आहे ते मात्र सगळं ठेवा: हॉटेलचं बिल, टॅक्सीची पावती, त्या रात्रीचे फोन कॉल. आणि बहिणीला केलेले व्हॉट्सअ‍ॅप. घटनेच्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी तुम्ही तिला जे मराठीत लिहिलंत, तो तुमच्याकडचा सर्वांत बोलका कागद आहे, कारण तेव्हा तुम्हाला ना वकील होता ना खटल्याचा विचार. ‘मेसेज आपोआप गायब’ होण्याची सोय दोघींच्याही फोनवर बंद करा. चॅट पूर्ण एक्स्पोर्ट करा, निवडक स्क्रीनशॉट काढून बाकीचं पुसू नका. व्हॉइस नोट असतील तर त्याही ठेवा. फोन बदलायचा झाला तर जुना विकू नका. भाषांतर प्रमाणित भाषांतरकाराकडून होईल, घरी कोणी करू नका.

पुढच्या भेटीत एचआरचं बोलणं रेकॉर्ड करावं का? व्हर्जिनियात बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती पुरते, म्हणजे तुमची. नदीपलीकडे मेरीलँडमध्ये सगळ्यांची लागते, आणि व्हिडिओ कॉलवरचा माणूस तिथे बसलेला असू शकतो. सुरक्षित सरकारी इमारतीत फोन चालू करणं हा स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो. आमचं मत, रेकॉर्डिंगच्या फंदात न पडता प्रत्येक बोलण्यानंतर तासाभरात ‘आपलं असं असं बोलणं झालं’ असा छोटा मेल एचआरला टाका.

गप्प राहण्याबद्दल: गोपनीय सरकारी माहिती बाहेर सांगायची नाही, हे बरोबर. पण तुमच्या अंगाला कोणी हात लावला ही सरकारची गोपनीय माहिती नाही. डिसेंबर २०२२ च्या आणखी एका कायद्याने, वाद होण्याआधी लिहून घेतलेली गुप्ततेची आणि बदनामी न करण्याची कलमं लैंगिक अत्याचार व छळाच्या वादात लागू करता येत नाहीत. इथेही तोच सापळा आहे, ‘आधी’चीच कलमं. नव्या करारात गुप्ततेचं कलम मान्य केलंत तर ते टिकेल. गुप्तता तुम्हालाही हवी असेल तर तिची किंमत मागा. २०१७ च्या करकायद्यानुसार छळाच्या तडजोडीला गुप्ततेची अट जोडली की कंपनीला ती रक्कम करातून वजा करता येत नाही, हे त्यांच्या हिशोबनीसाला ठाऊक असतं. कोणताही करार तुम्हाला ईईओसीकडे तक्रार करण्यापासून रोखू शकत नाही. दहा दिवसांची मुदत ही कंपनीची, कायद्याची नव्हे. (चाळिशी ओलांडलेल्यांना वयाशी संबंधित हक्क सोडायला विचारासाठी किमान २१ दिवस आणि सहीनंतर ७ दिवस माघारीसाठी मिळतात.)

पोलिसांकडे जायचं की नाही हा सर्वस्वी तुमचा निर्णय. दिवाणी दाव्यासाठी पोलीस तक्रार सक्तीची नाही. पण व्हर्जिनियात कमी गंभीर गुन्ह्यांची सर्वसाधारण मुदत १ वर्ष आहे, तेव्हा जायचं असेल तर यंदाच्या १४ ऑक्टोबरच्या आत, रिचमंडच्या पोलिसांकडे.

ग्रीन कार्ड तुमचं आहे, कंपनीचं नाही. एचवन-बी वर असलेल्या वाचकांची गोष्ट वेगळी: नोकरी गेली की साधारण ६० दिवस मिळतात, म्हणून त्यांनी रोजगाराच्या वकिलाबरोबरच व्हिसाच्या वकिलालाही त्याच आठवड्यात भेटावं. लैंगिक अत्याचाराच्या तपासात पोलिसांना मदत करणाऱ्यांसाठी यू व्हिसा आहे, पण वर्षाला १०,००० चीच मर्यादा असल्याने रांग फार लांब आहे.

कुवेत, बहारीन, जर्मनीतल्या अमेरिकी तळांवर कंत्राटदारांकडून गेलेल्या आपल्या मुलींसाठी दोन गोष्टी. नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाचं संरक्षण परदेशात फक्त अमेरिकी नागरिकांना मिळतं, ग्रीन कार्डवाल्यांना नाही. त्यांना राज्याच्या कायद्याखालच्या इजेच्या दाव्यांवर भर द्यावा लागतो, आणि तिथे कंपनी ‘ही कामावरची दुखापत, विम्यातूनच भरपाई घ्या’ असं म्हणते. त्या विम्याचीही मुदत आहे, ३० दिवसांत सूचना आणि १ वर्षात अर्ज. वकिलाला विचारल्याशिवाय कोणताच अर्ज सोडून देऊ नका. दुसरं, वैद्यकीय तपासणी. ती पहिल्या ७२ तासांत व्हावी, अंघोळीआधी, अंगावरचे कपडे कागदी पिशवीत घालून, प्लास्टिकमध्ये नाही. गोळा केलेला पुरावा कंपनीच्या सुरक्षा माणसांच्या हाती देऊ नये, लष्करी गुन्हे तपास शाखेकडे द्यावा. जोन्स यांच्या प्रकरणात तपासणीचा किट कंपनीच्याच सुरक्षा विभागाकडे गेला होता आणि पुढे त्यावरून मोठा वाद झाला. लष्कराशी संबंधित लोकांसाठीची सेफ हेल्पलाइन ८७७-९९५-५२४७ वर आहे, आणि अमेरिकेत कोणालाही ८००-६५६-४६७३ वर फोन करता येतो. तिथे नाव सांगावं लागत नाही.

वकील शोधताना ‘रोजगार कायदा, कर्मचाऱ्यांच्या बाजूने’ असा शोधा. राष्ट्रीय रोजगार वकील संघटनेची, म्हणजे नेलाची, यादी आहे आणि व्हर्जिनिया स्टेट बारची शिफारस सेवाही आहे. यातले बरेचजण निकालातल्या वाट्यावर काम करतात, साधारण तिसरा हिस्सा ते ४० टक्के. पहिल्या भेटीत विचारा: २०२२ च्या कायद्याखाली लवादाच्या अर्जाला तुम्ही उत्तर दिलंय का, दोन कंपन्यांविरुद्ध एकत्र लढलात का, खर्च हरल्यावर कोणाकडे. सोबत न्यायचं ते एवढंच: जुना लवादाचा करार, नवा करार, एचआरची पत्रं आणि तारखांचं एक पान.

एचआरला आज एकच मेल पाठवा, तीन ओळींचा: करार मिळाला, वकिलाचा सल्ला घेत आहे, तोवर १४ ऑक्टोबरच्या घटनेशी आणि माझ्या बदलीशी संबंधित सर्व नोंदी जपून ठेवाव्यात. लवादाला होकार किंवा नकार, दोन्हीबद्दल एक शब्द नको. त्याची प्रत स्वतःच्या मेलवर ठेवा. मग बहिणीला फोन करा आणि तिच्या फोनवरचं चॅट आजच एक्स्पोर्ट करून घ्या, कारण पुण्यात तिचा फोन हरवला तर तुमच्या खटल्यातला अर्धा पुरावा हरवतो.